ॲपमधला नफा आणि गल्ल्यातली रोकड

पत्र: आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला टॅब दिले, म्हणून संस्थेने नववीसाठी ‘उद्योजकता’ शिकवणारं एक सिम्युलेशन ॲप महिनाभर फुकट वापरून बघायला घेतलं. आता वर्षाची वर्गणी भरायची की नाही, हे मी सांगायचं आहे. ॲपमध्ये मुलं दुकान उघडतात, माल भरतात, भाव ठरवतात, जाहिरातीवर खर्च करतात; बटण दाबलं की दिवस संपतो आणि नफा-तोटा समोर येतो. मुलं या तासाची वाट बघतात हे खरं. पण एका मुलाने पुन्हा पुन्हा पहिल्यापासून डाव मांडून कोटीचा नफा दाखवला आणि तो वर्गाचा ‘शेठ’ झाला. उलट जिची आई दर आठवड्याला बाजारात भाजी विकते आणि जी सुट्टीत स्वतः पालावर बसते, ती मुलगी शेवटी आली. तिने दोन दिवस मेथीचा भाव चढा ठेवला, तिसऱ्या दिवशी उरलेली मेथी अर्ध्या भावात काढून टाकली आणि जाहिरातीला एक पैसा लावला नाही. ‘मॅडम, मला धंद्यातलं काही कळत नाही’ असं ती म्हणाली, तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. हे ॲप घ्यावं का? आणि मुलांना गुण कशाचे द्यावेत?
– एक शिक्षिका

नमस्कार मॅडम,

वर्गणीचं नंतर बघू, आधी त्या मुलीचं.

तिचा डाव तुम्ही एवढा नीट लिहून पाठवलात हे फार बरं केलंत, कारण त्यातच उत्तर आहे. तिसऱ्या दिवशी मेथीचं काय होतं हे तिला माहीत आहे. पानं पिवळी पडतात, जुडी सैल होते, आणि संध्याकाळी पाल आवरताना जे मिळेल त्या भावात ती द्यावी लागते, नाहीतर जनावरांपुढे टाकावी लागते. तिने तेच केलं. तुमच्या ॲपमध्ये मात्र मेथी नासतच नसणार. ज्यांनी माल धरून ठेवला त्यांना पुढच्या दिवशी पूर्ण भाव मिळाला असणार. जाहिरातीचंही तसंच. तिच्या आईची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत, बोर्ड लावून वाढणारी नाहीत. ॲपच्या सूत्रात जाहिरात वाढवली की गिऱ्हाईक वाढतं. मुलीने आईच्या पालावरचा हिशेब पडद्यावर लावला आणि पडद्यामागचं सूत्र निराळं निघालं. एवढ्यावरून तिला धंदा कळत नाही असं कुणी ठरवत असेल तर त्याला थांबवायला हवं, आणि ते काम तुमचंच आहे.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. अमुक वस्तू इतके ग्रॅम, तमुक इतके, नोट ही घ्या, परत किती? असे गुंतागुंतीचे व्यवहार ही मुलं मनातल्या मनात जवळजवळ बिनचूक करत होती. तीच बेरीज-वजाबाकी आणि भागाकार शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिले की अडत होती. आणि बाजारात काम न करणारी शाळेची मुलं बरोबर उलटी: कागदावरचं जमायचं, पण बाजारातला हिशेब झटपट करता यायचा नाही. एका जागी आलेलं शहाणपण दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, हे त्या अभ्यासातून मला फार स्पष्ट दिसतं. पालावरचं पडद्यावर जात नाही, आणि पडद्यावरचं बाजारात जात नाही. ते न्यावं लागतं. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे: ॲप डाव मांडून देतं, पण तिथून बाजारापर्यंतची वाट शिक्षकाने मुलांना चालवून दाखवावी लागते.

उद्याच्या तासाला तिला फळ्याजवळ बोलवा आणि वर्गाला विचारा, ‘ॲपमध्ये नाही पण बाजारात आहे, असं काय काय?’ तिला खडू द्या. नासका माल, उधारी, घासाघीस, सुट्ट्या पैशांची टंचाई, शेजारच्या पालावर भाव पडला की होणारी पंचाईत, बाजाराची पावती, पहाटे माल आणायचं भाडं. फळा भरेल. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे कोण कसं बघतं ते तुम्हाला दिसेलच.

पण तिला नुसती शाबासकी देऊन सोडू नका, तो तिच्यावर अन्याय होईल. तिलाही शिकायचं आहे. आईने दिवसभर पालावर बसून जे उरलं त्यात आईची मजुरी धरली का? घरखर्चाला गल्ल्यातून काढलेले पैसे कुठे लिहिले? डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या व्यावसायिकांवर एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. काहींना रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, काहींना फक्त साधे ठोकताळे दिले. धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवा, हा त्यातला मुख्य. ठोकताळेवाल्यांच्या हिशेबाच्या सवयी जास्त सुधारल्या. तुमच्या मुलीला दोन डबे आणि एक वही पुरे. ही गोष्ट ती घरी नेईल आणि आईच्या उपयोगी पडेल, याची मला खात्री वाटते.

आता तो ‘शेठ’. त्याला रागावू नका. त्याने लबाडी केलेली नाही, यंत्राच्या मागचं सूत्र शोधून काढलं आहे, आणि त्यालाही डोकं लागतं. फक्त त्याने बाजार ओळखला असं वर्गाला वाटू देऊ नका. त्याला विचारा, ‘तू कोणता नियम पकडलास? लिहून दे. हा नियम आपल्या गावच्या बाजारात कुठे अडेल?’ उत्तर देताना त्याची गाठ त्या मुलीच्या फळ्याशी पडेल. आणि पुढच्या वेळी एक अट घाला: डाव एकदाच. बुडालात तर बुडालात, तिथून वर या. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची सोय हा या सगळ्या ॲपचा मोठा दोष आहे असं माझं मत आहे. धंद्यात तोटा झाल्यावर त्याच गल्ल्यात उरलेल्या पैशांत दुसरा दिवस काढायचा असतो. तेच तर शिकवायचंय.

या खेळांचा इतिहास तुम्हाला धीर देईल. मुलांना अर्थव्यवहार शिकवणारा संगणकावरचा अगदी सुरुवातीचा खेळ १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात तयार झाला. मुलं प्राचीन सुमेरचे राजे व्हायची आणि धान्य किती पेरायचं, किती साठवायचं, किती वाटायचं हे ठरवायची. त्याचे नियम आणि मजकूर लिहिला मेबल ॲडिस यांनी, आणि त्या चौथीला शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेतल्याच मिनेसोटात ‘लेमोनेड स्टँड’ आलं: आज हवा कशी, सरबताचे ग्लास किती करायचे, पाट्या किती लावायच्या, भाव काय ठेवायचा. आजची बहुतेक दुकानवाली ॲप त्याच साच्यातली आहेत, वर रंग आणि आवाज चढवलेत एवढंच. हे नियम एका शिक्षिकेला लिहिता आले, तसे तुम्हालाही येतील. म्हणून वर्गणीचा निर्णय व्हायच्या आधी टॅब कपाटात ठेवा आणि एक डाव कागदावर खेळा. तो कसा, ते सविस्तर लिहिते.

वर्गाचे पाच-सहा गट करा. प्रत्येक गटाला कागदी नोटांत ३०० रुपये. लिंबू सरबताचा एक ग्लास करायला साखर, लिंबू, बर्फ, ग्लास धरून ६ रुपये. भाव १० ठेवला तर कडक उन्हाच्या दिवशी ६० गिऱ्हाइकं येतात, ढगाळ दिवशी ४०, पावसात १०. भाव १५ ठेवला तर ४०, २५ आणि ५. हवा कोणती हे चिठ्ठी काढून ठरवायचं, पण चिठ्ठी काढण्याआधी प्रत्येक गटाने किती ग्लास करणार आणि का, हे वहीत लिहून ठेवायचं. तो ‘का’ महत्त्वाचा आहे; त्यावर नंतर बोलता येतं.

समजा एका गटाने ५० ग्लास केले, भाव १०. सगळे ३०० खर्च झाले. चिठ्ठी निघाली ढगाळ. ४० ग्लास खपले, ४०० आले, उरलेले १० ओतून दिले. नफा १००. मुलं खूश. पहिला डाव इथवरच ठेवा.

दुसऱ्या डावात फक्त एक नियम वाढवा: निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, ‘पैसे पुढच्या आठवड्यात.’ बाकी आकडे तेच. ४० ग्लास खपले, त्यातले २० उधारीवर. वहीत नफा अजूनही १००. पण गल्ल्यात किती? सकाळी ३०० होते, आता २०० आहेत. इथे वर्गात गोंधळ होतो, आणि तो होऊ द्या. ‘नफा झाला तर पैसे कमी कसे झाले?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला पाहिजे, तुम्ही आधी बोलू नका. मग तिसरी चिठ्ठी: बाजाराचा दिवस, कडक ऊन, ६० गिऱ्हाइकं. २०० रुपयांत ग्लास होतात फक्त ३३. सरबत मागत उभं राहिलेलं गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जातं, आणि तुमचे २०० रुपये लोकांच्या वहीत अडकलेले असतात. खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला हाताशी लागणारा पैसा, काय असतं हे व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा या तीन चिठ्ठ्यांत जास्त कळतं. ज्यांच्या घरी किराणा दुकान आहे ती मुलं या क्षणी एकदम बोलायला लागतील. त्यांना बोलू द्या. उधारी अजिबात द्यायचीच नाही, असंही सांगू नका; गावात तसं चालत नाही. कुणाला द्यायची, कितीपर्यंत, आणि कधी मागायची, यावर पुढचा तास सहज जाईल.

तासिका ३५ मिनिटांची असेल तर खेळ पंधरा मिनिटांत थांबवा. उरलेला वेळ बोलण्याचा. ज्यांनी असे खेळ वर्षानुवर्षं वर्गात वापरले, ते सगळे एकाच गोष्टीवर भर देतात: शिकणं खेळानंतरच्या चर्चेत होतं, खेळ त्या चर्चेसाठी मसाला पुरवतो. तुमच्या पत्रात चर्चेचा उल्लेखच नाही. घंटा होते, टॅब गोळा होतात, गुणांची यादी लागते. दोष ॲपपेक्षा इथे जास्त आहे, आणि तो तुम्हाला एका आठवड्यात दूर करता येईल. चर्चेत तीन-चार प्रश्न पुरतात. काय ठरवलं होतंस? काय झालं? त्यात तुझ्या निर्णयाचा भाग किती आणि हवेचा किती? पुन्हा हीच वेळ आली तर काय बदलशील? तिसरा प्रश्न सोडू नका. पावसाची चिठ्ठी निघाल्याने बुडालेल्या गटाचा निर्णय चांगला असू शकतो, आणि उन्हाच्या जोरावर जिंकलेल्या गटाचा वाईट.

पुढे ज्युनिअर कॉलेजला शिकवायची वेळ आली, तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात साठच्या दशकापासून खेळला जाणारा ‘बिअर गेम’ बिस्किटांच्या पुड्यांवर खेळून बघा. चार जण ओळीत: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. बोलायचं नाही, फक्त मागणीच्या चिठ्ठ्या मागे सरकवायच्या, आणि माल यायला दोन-दोन आठवडे लागतात. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच वाढते, आठवड्याला चारवरून आठवर, आणि तिथेच राहते. तरी कारखान्यापर्यंत तिची मोठी लाट होते, आधी टंचाई, मग गोदामं भरून. खेळ संपल्यावर प्रत्येक जण मागच्याला किंवा पुढच्याला दोष देतो. घाऊक भाव एवढे उसळतात आणि कोसळतात ते का, यातला एक भाग त्या दिवशी मुलांच्या हातात येतो. टोमॅटोच्या भावावर घरी रोज बोलणं होतं, अशा भागात हा खेळ फार रंगेल.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवा. नेदरलँड्समध्ये उद्योजकता शिकवण्यावर काळजीपूर्वक अभ्यास झाले आहेत. २०१० मध्ये आलेल्या एकात कॉलेजच्या मुलांनी वर्षभर छोटी कंपनी चालवली. त्यांची कौशल्यं फारशी वाढलेली दिसली नाहीत आणि उद्योजक व्हायची इच्छा उलट कमी झाली. २०१४ च्या दुसऱ्यात प्राथमिक शाळेच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना खेळातून व्यवसाय शिकवला. धंद्याच्या माहितीत फरक पडला नाही, पण चिकाटी, पुढाकार, आत्मविश्वास, धोका पत्करायची तयारी यांत पडला. मी यातून दोन गोष्टी घेते. इच्छा कमी होणं हे अपयश मानू नये. धंदा काय असतो हे कळल्यावर एखाद्याने नोकरीची वाट धरली तर तोही शहाणा निर्णय आहे. आणि लहान वयात आपण जे देऊ शकतो ते हिशेबाच्या नियमांपेक्षा ‘मला जमेल, पडलो तर उठेन’ हे बळ. शेवटचा नंबर लावणाऱ्या यादीने नेमकं तेच काढून घेतलं जातं. ती यादी काढून टाका.

म्हणून गुण नफ्याला देऊ नका, शून्य द्या. गुण वहीला द्या: आधी लिहिलेलं कारण, नंतर लिहिलेली चूक, पुढचा बदल. कोटी कमावणारा आणि बुडालेली, दोघांनाही पूर्ण गुण मिळू शकले पाहिजेत.

ॲपनंतर खरा बाजार हवाच. दिल्ली सरकारने २०१९ मध्ये शाळांत उद्योजकतेचा अभ्यासक्रम आणला आणि २०२१ मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’ उपक्रमात अकरावी-बारावीच्या मुलांना दरडोई २००० रुपयांचं बीजभांडवल दिलं. आपल्याकडे एवढा पैसा नसला तरी बाल आनंद मेळावा आहे, आनंदनगरी आहे, स्काउटची खरी कमाई आहे. फक्त आपण ते स्नेहसंमेलनासारखं उरकतो: आया भेळ करून देतात, शिक्षक विकत घेतात, फोटो काढतात. यंदा साहित्याचे पैसे मुलांनी गट करून काढू देत, वही ठेवू देत, उरलेल्या मालाचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवू देत. घरून फुकट आलेल्या कांद्याचीही किंमत वहीत लिहायची. आणि आधी ॲपवर ठरवलेला भाव आणि प्रत्यक्षात मिळालेला भाव शेजारी शेजारी लिहून फरक का पडला हे विचारायचं. ॲपपासून बाजारापर्यंतची वाट मी म्हणाले ती हीच.

आता वर्गणी. हे ॲप लगेच घेऊ नका आणि कायमचं नाकारूही नका. विकायला आलेल्या माणसाला काही गोष्टी विचारा. शिक्षकाला नियम बदलता येतात का, म्हणजे माल नासणं, उधारी, बाजाराचा दिवस घालता येतो का? डाव संपल्यावर नफा का झाला हे दाखवतं का, की फक्त आकडा आणि टाळ्या? मराठीतून आहे का? इंटरनेट गेलं तर चालतं का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आलं तर पैसे वाचवा, कागदावरचा डाव त्याहून चांगला आहे. मुलांचे मोबाइल नंबर, फोटो, जन्मतारखा मागितल्या तर सरळ नकार द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. आणि ‘उद्योजकता’ म्हणून कुणी खोट्या पैशांनी शेअरची खरेदी-विक्री शिकवणारं ॲप पुढे केलं, तर ते शाळेच्या दारातूनच परत पाठवा. त्यात वस्तू नाही, गिऱ्हाईक नाही, सेवा नाही. नववीच्या मुलाला फक्त वर-खाली होणाऱ्या आकड्याची चटक लागते.

घ्यायचं ठरलंच तर वर्षाऐवजी एका सत्राचं मागा आणि महिन्याला दोनच डाव ठेवा.

मेळाव्याबद्दल एक राहिलं. नफा झाला तर तो कुणाचा, हे पहिल्याच दिवशी मुलांसमोर ठरवून फळ्यावर लिहा. भांडवल घालणाऱ्याचा किती, राबणाऱ्याचा किती, यावर मुलं भांडतील. भांडू द्या, आणि त्यांनी ठरवलेलं पाळा. त्यांच्या कष्टाचे पैसे परस्पर शाळेच्या निधीत जमा होणार नाहीत, हे मुख्याध्यापकांकडून आधीच कबूल करून घ्या.